काळा धागा : अद्भुत चित्रपट आणि त्यांचे संगीत



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली आणि पुढे ती गावोगाव पसरली. या प्रथेत वाढलेल्या व्यासपीठांवर वेदान्त, अर्थकारण, समाजसुधारणा, संतवाङ्मय असल्या भारदस्त विषयांचा ऊहापोह होत आला आहे. अशा जागी उभे राहून जिन, परी, उडता गालिचा, बोलणारा पुतळा आणि या मंडळींची गाणी यांवर तासभर बोलण्याची परवानगी आम्ही मागितली, तेव्हा चालकांपैकी एक वृद्ध गृहस्थ किंचित हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण ते हसणे आमच्या फार जुन्या ओळखीचे होते. लहानपणी आमच्या घरात ते आम्ही अनेकदा ऐकले आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्या हसण्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजावे.

आमचे गाव लहान होते. पक्के चित्रपटगृह तेथे नव्हते. जत्रेच्या दिवसांत माळावर तंबू लागे, आणि त्यात बसायला जमीन व पडदा म्हणून एक शिवलेले पांढरे कापड एवढाच सरंजाम असे. वारा सुटला की पडद्याला पोक येई आणि त्याबरोबर राजवाड्यालाही येई. रीळ बदलताना मध्येच अंधार होई. अशा तंबूत, वयाच्या दहा-अकराव्या वर्षी, होमी वाडिया यांचा 'हातिमताई' आम्ही पाहिला. चित्रपट १९५६ सालचा. आमच्या माळावर तो यायला वर्षभर तरी लागले असावे. शेजारी बसलेला एक मोठा मुलगा पदोपदी सांगत होता, 'ही तार बघ, ती दोरी बघ.' आम्हांलाही ती दिसत होती. तरीसुद्धा नायक ईश्वराची करुणा भाकू लागला आणि महंमद रफी यांचा आवाज त्या फाटक्या कर्ण्यातून वर चढू लागला, तेव्हा दोरी कोठे गेली ते कळले नाही. दोरी तेथेच होती. आम्ही मात्र ती पाहण्याचे सोडून दिले होते.

हे कसे घडते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यामागे लागला. डोळ्यांना जे खोटे दिसते ते कानांच्या साक्षीने खरे का वाटू लागते? याच प्रश्नाच्या मागाने आपल्याकडील अद्भुत चित्रपटांचा आणि त्यांच्या संगीताचा इतिहास आज पाहावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. अद्भुत ही पोरासोरांची वस्तू आहे, हे मत आपल्या परंपरेचे नव्हे. नाट्यशास्त्राने जे आठ रस सांगितले त्यांत अद्भुताला जागा आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव आहे. शृंगार आणि वीर यांच्या पंक्तीला बसणारा हा रस आहे. त्याला पंक्तीतून उठवण्याचे काम अलीकडच्या सुशिक्षितांनी केले. आमच्या आजीने ते कधी केले नव्हते.

आता इतिहासाकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या गौरवात एक गोष्ट मागे पडते. त्र्यंबकेश्वरच्या या ब्राह्मणाने कलाशिक्षण घेतले, छायाचित्रणाचा व छपाईचा धंदा केला, आणि त्याबरोबर जादूचे प्रयोगही केले. 'फाळके' ही अक्षरे उलटी करून त्यांनी स्वतःला 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते. म्हणजे आपला चित्रपट जन्मला तोच एका जादूगाराच्या घरी. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले. दिवसांमागून दिवस चाललेली ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. वाटाण्याचे उगवणे ही रोजची गोष्ट. यंत्राने काळ आवळला आणि तिचा चमत्कार झाला. आमच्या मते 'राजा हरिश्चंद्रा'च्या आधीचा हा पहिला भारतीय अद्भुतपट होय.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पुढे १९१७ साली 'लंकादहन' आला. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या, हे स्वतःच एक अद्भुत होते. १९१९ च्या 'कालियामर्दना'त फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. नाग खोटा आहे हे लहान मुलालाही कळावे. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा खेळकरपणा इतका खरा आहे की तिच्यामुळे नागही खरा होतो. अद्भुत चित्रपटाचे पहिले सूत्र येथे हाती येते : चमत्कार खोटा असला तरी चालतो, त्याच्या शेजारी काहीतरी निखळ खरे असावे लागते.

मूकपट मुका होता, पण चित्रपटगृह मुके नव्हते. पडद्याच्या पायथ्याशी पेटीवाला व तबलजी बसत, कोठे सारंगी किंवा फिडलही असे. युद्ध आले की तबला धावू लागे. कोणी वारले की पेटी रडू लागे. ही सगळी मंडळी बहुधा नाटकाच्या किंवा तमाशाच्या बाजूची. पडद्यावरच्या प्रसंगाला अनुरूप काय वाजवायचे हे त्यांना कोणी लिहून दिलेले नसे. त्यांची नावे इतिहासात नाहीत. परंतु चित्र आणि सूर यांचे आपल्याकडील लग्न प्रथम त्यांनी लावले, आणि या व्याख्यानात त्यांना नमस्कार केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि चित्रपटाला वाचा फुटली. वाचा फुटली ती एकदम गाण्यातच. त्यात सात गाणी होती. पण दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याच्या मदन कंपनीने 'इंद्रसभा' काढली आणि तिच्यात गाण्यांची संख्या सत्तरीच्या घरात गेली. लखनौच्या अमानत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे नाटक लिहिले. इंद्राच्या दरबारातील परी पृथ्वीवरच्या राजपुत्रावर भाळते, ही त्याची कथा. आज कोणी म्हणेल, इतकी गाणी कशाला? पण विचार करा : परीने बोलायचे तरी कोणत्या भाषेत? बाजारभावाच्या भाषेत परी बोलू लागली तर ती परी राहत नाही. तिने गायलेच पाहिजे. आपल्या चित्रपटात गाणे का आले याची पुष्कळ कारणे विद्वानांनी दिली आहेत. त्यांत या एका कारणाची भर घालण्याची आमची इच्छा आहे.

महाराष्ट्रात ही धुरा 'प्रभात'ने उचलली. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी ही कंपनी स्थापिली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत या मंडळींची तयारी झाली होती. आणि बाबूराव म्हणजे स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवणारे गृहस्थ. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतील हा पहिला बोलपट. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांची. टेंबे म्हणजे १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली बांधणारे, आणि पेटी हे वाद्य मैफलीत साथीच्या पलीकडे नेणारे कलावंत. त्यांच्या पावलांनी नाट्यसंगीत पडद्यावर चालत आले.

त्याच वर्षी प्रभातने 'माया मच्छिंद्र' काढला. संगीत पुन्हा टेंब्यांचे, मच्छिंद्रनाथ तेच, आणि स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे. नाथसंप्रदायाची ही कथा आपल्या घरोघर ठाऊक आहे. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला परत आणण्यासाठी गोरखनाथ जातो. लोककथा सांगते की मृदंगाच्या बोलांतून त्याने गुरूला हाक दिली आणि ती हाक ऐकून गुरू सावध झाले. आम्हांस ही कथा फार अर्थपूर्ण वाटते. तेथे वाद्याचा आवाज माणसाला मायेतून जागे करतो. चित्रपटात तोच आवाज आपल्याला मायेत घेऊन जातो. शक्ती एकच, दिशा मात्र उलट.

त्या काळी गाणे आधी ध्वनिमुद्रित करून मागाहून चित्रण करण्याची सोय नव्हती. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत आणली ती १९३५ साली. तोपर्यंत नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहून प्रत्यक्ष गायचे आणि साथीदारांनी झाडाच्या, खांबाच्या, नाहीतर राजवाड्याच्या भिंतीच्या आड लपून वाजवायचे, असा प्रकार होता. म्हणजे राजा अरण्यात एकटाच विलाप करतो आहे आणि पलीकडच्या झुडपात तबलजी घाम पुसतो आहे! हे सारे आज गमतीचे वाटते. पण पाहणाऱ्याने 'अरण्यात तबला कोठून आला?' असे विचारले नाही. तो प्रश्न न विचारण्याचा करार प्रेक्षक आणि चित्रपट यांच्यात तेव्हाच झाला आणि तो आजही कायम आहे.

प्रभात १९३३ साली पुण्यास आली आणि तेथे केशवराव भोळे या संस्थेत आले. 'एकलव्य' या नावाने संगीतावर लिहिणारा हा मार्मिक टीकाकार. गाण्यात काय नको हे ज्याला नेमके कळते अशा माणसाने चाली बांधल्या की काय होते, ते १९३४ च्या 'अमृतमंथना'त दिसले आणि १९३६ च्या 'संत तुकारामा'त सिद्ध झाले. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटाची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली, मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. आमचा विषय त्यातील चमत्कारांचा आहे. धान्याचा पाऊस पडतो. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या वर येतात. शेवटी गरुडाच्या आकाराचे विमान तुकोबांना घेऊन वैकुंठास निघते. पण हे विमान खरे कोण करते? आमच्या मते ते काम जिजाई करते. गौरी या नटीने उभी केलेली ती कजाग, कष्टाळू, पोराबाळांच्या पोटाची काळजी वाहणारी बाई. नवरा वैकुंठाला निघाला तरी तिच्या डोक्यात घरातला स्वयंपाक आहे. तिच्या पायांखालची जमीन इतकी घट्ट आहे की वर उडालेल्या विमानावर आपण विश्वास ठेवतो.

आणि संगीत? विष्णुपंत पागनीस यांचा गळा मैफलीचा नव्हता, भजनाचा होता, आणि भोळ्यांनी त्याला मैफलीचा होऊ दिले नाही. टाळ, वीणा, मृदंग एवढ्यांत बहुतेक भागते. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचे एक पद लिहिले. ते इतके बेमालूम उतरले की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून भजनात म्हणू लागले. श्रोतेहो, चित्रपटातल्या सर्व करामतींत ही करामत आम्हांस सर्वांत मोठी वाटते. विमानाची दोरी कधीतरी दिसते. या पदाची दोरी आजही पुष्कळांना दिसलेली नाही.

येथवर आपण प्रतिष्ठित प्रदेशात होतो. आता थोडे बदनाम गल्लीत शिरू. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी बंधूंनी १९३३ साली वाडिया मुव्हीटोन ही संस्था काढली. तिचा पहिलाच बोलपट 'लाल-ए-यमन' हा अरबी थाटाचा, जिन आणि तिलिस्म यांनी भरलेला. त्यात राजपुत्र म्हणून एक गोड गळ्याचा पारशी मुलगा गातो. तोच पुढे पंडित फिरोज दस्तूर म्हणून किराणा घराण्याचा मान्यवर गायक झाला. सवाई गंधर्वांचे हे शिष्य पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात वर्षानुवर्षे गायले आणि जाणकारांनी डोळे मिटून त्यांना ऐकले. त्या जाणकारांपैकी कितीजणांस ठाऊक होते की या गळ्याची लोकांशी पहिली ओळख जिनाच्या चित्रपटाने करून दिली? उच्च संगीत आणि हलके संगीत यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो, तिला अशी दारे असतात.

१९४२ साली होमी वाडियांनी बसंत पिक्चर्स ही स्वतंत्र संस्था काढली. चाबूकवाल्या नाडियाचे धाडसपट एकीकडे, आणि हनुमान, गणेश, अल्लाउद्दीन, अलीबाबा ही मंडळी दुसरीकडे. 'अल्लाउद्दीन और जादुई चिराग' १९५२ साली आला, 'अलीबाबा और चालीस चोर' १९५४ साली. या चित्रपटांचे नायक महिपाल; आणि संगीत बहुधा श्रीनाथ त्रिपाठी यांचे, कधी त्यांचे सहायक असलेल्या चित्रगुप्त यांच्यासह.

याच सुमारास चमत्कारांच्या बाजूला एक विलक्षण कारागीर काम करीत होता. त्याचे नाव बाबूभाई मिस्त्री. मूळ सुरतेकडचा हा तरुण १९३७ साली विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया'मुळे प्रसिद्धीस आला. अदृश्य माणसाची ती कथा होती. माणूस दिसत नाही पण वस्तू हलतात, असे दाखवायचे होते. बाबूभाईंनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या धाग्याने वस्तू हलवल्या. तेव्हापासून धंद्यातले लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले. यापेक्षा सुंदर पदवी कोणत्या विद्यापीठाने कोणाला दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या व्याख्यानाचे नाव तेथून घेतले आहे. कारण संगीत हाही काळा धागाच आहे. तो दिसत नाही, पण वस्तू त्यानेच हलतात.

आता श्रीनाथ त्रिपाठी. हे बनारसकडचे, शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम घेतलेले गृहस्थ. बॉम्बे टॉकीजमध्ये त्यांनी व्हायोलिन वाजवले. स्वतः पडद्यावर हनुमान होऊन उड्याही मारल्या. अशा माणसाला चित्रपटधंद्याने 'पौराणिकवाला' अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात बसवले. मोठे नट नाहीत, खर्चाला पैसा नाही, वादक मोजके. तरी 'हातिमताई'तील ज्या प्रार्थनेचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तिची बांधणी पाहा. चाल खालून सुरू होते, घाई करीत नाही, आणि शब्दागणिक वर चढत रफींच्या तारस्वरापर्यंत जाते. त्या स्वराला आधार द्यायला मोठा वाद्यवृंद लागत नाही. पुढे १९५९ चा 'रानी रूपमती' आणि १९६२ चा 'संगीत सम्राट तानसेन' या चित्रपटांनी त्रिपाठींचे रागज्ञान सर्वांच्या पदरी घातले. पण ते ज्ञान जिन-परीच्या गाण्यांत आधीपासूनच होते. आपण ऐकत नव्हतो एवढेच.

आपण ऐकत नव्हतो, असे म्हणण्याला सरकारी पुरावाही आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीतावर त्यांची निष्ठा खरी होती, आणि आकाशवाणीवर शास्त्रीय गायकांना त्यांनी जे स्थान दिले त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण चित्रपटसंगीत त्यांना अभिरुचिहीन वाटे. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोक काय करणार? त्यांनी रेडिओची खुंटी पिरगाळून सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि गाणे स्वदेशी परतले. त्याआधी, १९४० साली, याच नभोवाणीने पेटीवरही बंदी घातली होती. ती पुढे सुमारे तीस वर्षे टिकली. ज्या पेटीतून 'मानापमाना'च्या चाली निघाल्या, ज्या पेटीने मूकपटाला बोलके केले, ती पेटी अशुद्ध ठरली! शुद्धतेच्या आग्रहात काही थोर गोष्टी घडतात. पण त्या आग्रहाखाली जे चिरडले जाते त्याचाही हिशेब इतिहासाने ठेवला पाहिजे.

गंमत अशी की नेमक्या याच वर्षांत अद्भुत चित्रपटाचे संगीत बहरत होते. १९५४ च्या 'नागिन'मध्ये हेमंतकुमारांनी पुंगीचा जो सूर ऐकवला, तो पुंगीचा नव्हताच. कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर तो काढला आणि रवी यांनी त्याला पेटीची जोड दिली. साऱ्या देशाने मात्र तीच खरी पुंगी मानली. १९५७ साली मद्रासकडे 'मायाबाजार' निघाला. आपल्या वत्सलाहरणाचीच ती कथा. एस. व्ही. रंगराव यांचा घटोत्कच पानावरचे लाडू हवेतून तोंडात घेतो, मार्कस बार्टली यांचा कॅमेरा ते टिपतो, आणि घंटसाला यांचे संगीत त्या खादाडपणालाही राजस करून सोडते. १९५९ साली शांतारामांनी 'नवरंग' काढला. त्यात महिपाल कवी झाले आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी त्या कवीच्या स्वप्नांना चाली दिल्या. १९६१ च्या 'संपूर्ण रामायणा'त बाबूभाई मिस्त्रींच्या चमत्कारांना सूर दिले वसंत देसाई यांनी, म्हणजे प्रभातच्या शाळेतच घडलेल्या कोकणच्या सुपुत्राने. फाळक्यांच्या लंकेपासून निघालेली वाट अशी फिरून लंकेलाच आली.

आणि मग १९६३ चा 'पारसमणि'. दिग्दर्शक बाबूभाई, नायक महिपाल, सारे जुनेच. नवे होते ते संगीतकार : लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा. एक मँडोलिन वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. दोघेही गरिबीत वाढलेले आणि लहानपणापासून वाद्यवृंदांत राबलेले. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे. येथे एक कर्ज कबूल केले पाहिजे. गोव्याच्या चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेले कितीतरी वादक मुंबईस आले आणि त्यांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. बगदादचा बाजार असो की पाताळातील नगरी, तिचा आवाज पुष्कळदा साष्टी-बारदेशच्या माणसांनी काढलेला असे. 'पारसमणि' ज्या वर्गात गणला गेला त्या वर्गाकडे प्रतिष्ठित लोक पाहतही नसत. पण त्यातील गाणी घराघरांत गेली आणि त्या गाण्यांनी पुढील तीन दशके गाजवणारी जोडी उभी केली. चित्रपट मागे पडला, गाणी राहिली.

आता विरुद्ध बाजूने जे म्हणता येईल तेही म्हणू. या चित्रपटांपैकी पुष्कळ चित्रपट खरोखर सामान्य होते. पुठ्ठ्याचे डोंगर हलत असत. एका चित्रपटातली चाल दुसऱ्यात फिरून येई. स्त्रीपात्रांच्या वाट्याला बहुधा पळवले जाणे एवढेच येई. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : असले चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात. हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. 'तुकारामा'च्या खेळाला लोक हात जोडून बसत, हे आम्ही पाहिले आहे. पण आमच्या तंबूतला तो मोठा मुलगाही आम्ही पाहिला आहे, जो दोरी दाखवीत होता आणि प्रार्थना सुरू होताच गप्प झाला. त्याला कोणी फसवले नव्हते. घटकाभर विस्मयात राहणे त्याने आपण होऊन पत्करले होते. भोंदू बुवा दोरी लपवतो आणि ती नाही असे सांगून पैसे घेतो. बाबूभाई मिस्त्री दोरी लपवतात तेव्हा ती आहे हे सर्वांना ठाऊक असते. या दोन लपवण्यांत फरक करता येणे म्हणजेच सुशिक्षित होणे.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या गोष्टीकडे येतो. आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले शेकडा पाचही आज उरलेले नाहीत. 'आलम आरा'ची एकही प्रत ठाऊक नाही. तिची गाणी ऐकण्याचा मार्ग उरलेला नाही. जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. कित्येक रिळे जळाली, कित्येक सडली, आणि कित्येक तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी वितळवली गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी भंगारातून, अडगळीतून, फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन जे वेचून आणले त्यामुळे 'कालियामर्दना'तील ती हसरी मुलगी आज आपल्याला दिसते. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुन्या चित्रपटांची मूळ रिळे गेली. या नाशात सर्वांत आधी काय जाते? ज्याला आपण हलके म्हणतो ते. संतपटाची प्रत कोणीतरी जपतो. जिनाच्या चित्रपटाची प्रत जपण्याची गरज कोणास वाटत नाही. आपले हसणे असे महाग पडते.

हे बोलताना आमच्या घरातील एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि भजनात पेटी वाजवीत. 'हातिमताई' पाहून आल्यावर आम्ही ती प्रार्थना गुणगुणत होतो. वडील हसले आणि म्हणाले, 'तंबूतले सूर तंबूतच ठेवावेत.' मारले नाही, रागावले नाहीत. पण त्यानंतर त्यांच्यासमोर आम्ही चित्रपटाचे गाणे कधी म्हटले नाही, आणि ते गेले तोवर आमच्या दोघांत या विषयावर शब्द झाला नाही. त्यांच्या मागे पेटी उघडून झाडावी म्हणून तिची खोकी रिकामी केली, तेव्हा तळाशी अभंगांच्या वह्यांखाली एक पिवळी पडलेली चोपडी निघाली. चित्रपटगृहाच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळत तसली गाण्यांची चोपडी. 'हातिमताई'ची. त्या प्रार्थनेच्या ओळींवर बारीक पेन्सिलीने, वडिलांच्या वळणदार अक्षरात, सा-रे-ग-म लिहिलेले होते. एका ठिकाणी खोडून पुन्हा लिहिले होते. म्हणजे केवळ ऐकून, स्वतः बसवून पाहिलेले होते. ते तंबूत केव्हा गेले, एकटे गेले की कोणाबरोबर, हे आता कळण्याचा उपाय नाही.

आम्ही ती स्वरलिपी पेटीवर वाजवून पाहिली. वरचा एक स्वर त्यांनी किंचित चुकीचा लिहिला आहे. आम्ही तो दुरुस्त केलेला नाही.

श्रोतेहो, आज संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर हवे ते दाखवता येते आणि दोरी शोधूनही सापडत नाही. नव्या मुलांचा विस्मय आमच्यापेक्षा कमी असेल असे आम्ही मानीत नाही. त्यांचेही गाणे त्यांना सापडेल. आमचे मागणे आपणांपाशी, म्हणजे घरात जुने सामान असलेल्या मंडळींपाशी आहे. माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून पाहा. फुटक्या तबकड्या, चित्रपटांच्या चोपड्या, जाहिरातींचे कागद रद्दीत घालण्यापूर्वी ग्रंथालयात आणून दाखवा. चित्रपट नाहीसा झाला तरी अशा चोपडीमुळे त्याची गाणी निदान शब्दरूपाने उरतात. आणि घरातले कोणी एखादे हलके गाणे गुणगुणत असेल, तर हसण्यापूर्वी ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. पुष्कळदा ते आपल्यालाही येत असते.